पिपा, बादली आणि दोन स्टिक: घरच्या वस्तूंवर ड्रमिंगचा पाया

आधी एक काम करा. स्वयंपाकघरातून लांब दांड्याचा लाकडी चमचा आणा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दांडा सैल धरा आणि चमच्याचं टोक वीतभर उंचीवरून सोडून द्या. एकदा उशीवर, एकदा जाड पुस्तकावर, एकदा उलट्या ठेवलेल्या प्लास्टिकच्या बादलीवर. जोर लावायचा नाही, नुसतं सोडायचं. उशीवर चमचा पडून राहील. पुस्तकावर दोन-तीनदा उडेल. बादलीवर टकटकटक करत पाच-सहा उड्या मारेल, आणि तुमची बोटं त्याला अडवत नसतील तर प्रत्येक उडी आधीच्या उडीपेक्षा लहान होत जाईल.

स्टिकने वाजवायचं सगळं तंत्र या उडीभोवती फिरतं. नवीन माणूस स्टिक खाली आपटतो आणि मग स्वतःच वर उचलतो. त्यात निम्मी मेहनत वाया जाते, कारण वर आणायचं काम खालच्या वस्तूचं आहे. आपण पाडायची, ती परत येते, आपण तिला येऊ द्यायची. हे एवढं हातात बसलं की बाकीचं पाठांतर आहे. आणि ते शिकायला ड्रमसेट लागत नाही. उलट मी तर म्हणेन, पहिले तीन महिने नसलेलाच बरा. सेटवर बसलं की माणूस सगळ्या ड्रमांवरून हात फिरवत सुटतो, मोठा आवाज निघतो, आणि डावा हात उजव्याच्या मागे लंगडतोय हे त्या गोंगाटात लपून जातं. तेलाच्या पिप्यावर ते लपत नाही.

स्टिक कुठून आणायची

ड्रमच्या स्टिकांना नंबर असतात. नवीन माणसाला बहुतेक वेळा 5ए देतात: लांबी साधारण 16 इंच, जाडी 14 मिलिमीटरच्या थोडी वर. 7ए त्याहून बारीक, लहान मुलांच्या हाताला बरी. एक साधी जोडी आमच्या नागपुरात बर्डीवरच्या वाद्यांच्या दुकानात मिळते, आणि या सगळ्या उद्योगात पैसे खर्च करायचे असतील तर इथेच करा. दुकानात जोडीतल्या दोन्ही स्टिक फरशीवर लोळवून बघा. वाकडी असेल ती डुगडुगत जाते. मग एकेक स्टिक फरशीवर हलकेच आपटून आवाज ऐका. दोघींचा सूर वेगळा लागला तर लाकूड वेगळं, वजन वेगळं. दुसरी जोडी मागा, लाजायचं नाही.

विकत घ्यायचीच नसेल तर सुताराकडून तेवढ्याच मापाच्या दोन गोल काठ्या कापून घ्या आणि टोकं पॉलिश पेपरने घासून गोल करा. लाटणं वापरू नका. जाड असल्यामुळे मूठ आवळावी लागते आणि पहिल्याच दिवशी वाईट सवय लागते. ताशाच्या काड्याही नकोत. त्या बारीक आणि लवचिक असतात, त्यांचं तंत्र निराळं आहे.

कोणती वस्तू कशासाठी

सरावाचं पॅड आधी बनवा, कारण निम्मा वेळ त्यावरच जाणार आहे. फूटभर लांब-रुंद प्लायवूडचा तुकडा घ्या, 12 मिलिमीटरचा असेल तर उत्तम. पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब मागा. बहुतेक जण फुकट देतात, वर "काय करतं भाऊ याचं?" असं विचारतात. ट्यूब कापून सपाट करा, सोड्याच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि प्लायवर चिकटवा, तेही पंक्चरच्या सोल्यूशननेच. खाली जुन्या चटईचा किंवा पायपुसण्याचा तुकडा लावला की पॅड टेबलावर सरकत नाही आणि खालच्या मजल्यावर ठकठक कमी जाते. एवढंही जमत नसेल तर जाड पुस्तकावर कॉम्प्युटरचा माउस पॅड ठेवा. चालतं.

उशी दुसऱ्या टोकाची. तिथे स्टिक परतच येत नाही, म्हणून प्रत्येक ठोक्याला मनगटाने ती उचलावी लागते. मनगटाला जोर येतो हे खरं, पण नुसत्या उशीवर शिकलेला माणूस पॅडवर आला की स्टिकशी भांडत बसतो. दिवसाला पाच मिनिटं, तीही शेवटी.

घरात किंवा शेजारी रंगकाम झालं असेल तर रिकामी झालेली 20 लिटरची रंगाची बादली हातची सोडू नका. तारेचं कडं काढून टाका, नाहीतर सारखं खडखडतं. उलटी ठेवली की मधोमध खर्ज आणि काठावर टणक, असे दोन आवाज एकाच बादलीत मिळतात. फरशीवर सपाट ठेवल्यावर हवा आत कोंडते आणि खर्ज दबतो. एका बाजूला चपलेचं टोक किंवा लाकडाचा ठोकळा सरकवून काठ बोटभर उचला आणि पुन्हा मधोमध मारा. फरक लगेच ऐकू येतो. रस्त्यावर बादल्या वाजवणारे कलाकार पायाने बादली अशीच उघडझाप करतात.

15 किलोचा तेलाचा पिपा म्हणजे आपला स्नेअर, सेटमधला तो मधला कडक आवाजाचा ड्रम. खऱ्या स्नेअरच्या खालच्या कातड्याला तारा लावलेल्या असतात, म्हणून तो चरचरतो. पिप्यावर किल्ल्यांचा जुडगा ठेवून त्यावर चिकटपट्टी मारली की थोडीफार तशी चरचर येते. वरचं तोंड पूर्ण कापलेला पिपा असेल तर तो उलटा ठेवून बुडावर वाजवा, आणि कापलेल्या कडेला आधी जाड टेप लावा. पत्र्याने बोट कापलं की आठवडाभराचा सराव बुडतो. स्टीलचं ताट टॉवेलच्या घडीवर पालथं घातलं की झांजेच्या जागी चालतं. टॉवेल नसेल तर ते इतकं वाजतं की घरचेच तुम्हाला बाहेर काढतील.

माठाबद्दल सावध करतो, कारण मी एक फोडला आहे. दक्षिणेतल्या घटमचं, म्हणजे मातीच्या घड्याच्या वाद्याचं, वादन ऐकून भर मे महिन्यात घरातल्या पाण्याच्या माठावर हात चालवला. घटमची माती वेगळी, त्यात धातूचा कीस मिसळलेला असतो आणि भिंत जाड. आपला माठ पाणी गार करण्यासाठी मुद्दाम पाझरता ठेवलेला असतो. नागपूरच्या उन्हाळ्यात घरातला माठ फोडणाऱ्याचं काय होतं ते सांगायला नको.

संत्र्याचा लाकडी खोका मिळाला तर त्यावर बसून समोरच्या फळीवर हातांनी वाजवून बघा. पेरूमध्ये गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांनी मालाच्या खोक्यांवर असंच वाजवत काहोन हे वाद्य घडवलं, आणि आज ते जगभरच्या मंचांवर आहे. त्रिनिदादमध्ये तेलाच्या पिंपांपासून स्टीलपॅन हे वाद्य झालं. तेव्हा पिप्यावर वाजवताना कुणी हसलं तर हसू द्या.

बसणं आणि पकड

मांडी घालून बसायची सवय असेल तरी बादलीसाठी स्टूल घ्या. मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरत्या, पाठ सरळ, खांदे पडलेले. वाजवायची वस्तू कोपरापेक्षा थोडी खाली. फार उंच असेल तर खांदे वर चढतात आणि दहा मिनिटांत मान धरते. पॅड टेबलावर ठेवत असाल तर टेबलाची उंची बघा, जेवणाचं टेबल बहुतेकांना उंच पडतं.

आता पकड. स्टिकच्या जाड टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर तर्जनीचं पहिलं पेर आणि अंगठ्याचं पेर यांच्यामध्ये ती धरा. ही चिमटी म्हणजे बिजागरी. बाकीची तीन बोटं स्टिकला नुसती टेकलेली, तळहात जमिनीकडे. दोन्ही हातांची पकड सारखी. नेमकी जागा शोधायला सुरुवातीचा चमच्याचाच खेळ: पॅडवर टोक सोडा, उड्या मोजा, चिमटी अर्धा इंच पुढे-मागे करा, पुन्हा मोजा. जिथे सर्वांत जास्त उड्या मिळतात ती तुमची जागा. पेनाने खूण करून ठेवा.

पकड चुकतेय हे हातच सांगतो. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये फोड आला तर तुम्ही आवळताय. स्टिक हातातून उडून गेली तर त्याबद्दल मी कुणाला रागवत नाही, सैल सोडण्याची चूक घट्ट धरण्याच्या चुकीपेक्षा लवकर सुधारते. एप्रिल-मेमध्ये मात्र घामाने स्टिक खरंच सटकते. बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप टेप खुणेच्या जागी एक वेढा गुंडाळा आणि कूलरसमोर बसा. कूलरच्या घरघरीत शेजाऱ्यांना ठकठक जरा कमी ऐकू जाते, हा वरचा फायदा.

पहिला ठोका

भिंतीवर टकटक करणारं घड्याळ आहे ना? त्याचा सेकंदकाटा मिनिटाला 60 ठोके देतो. हा तुमचा पहिला मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने टकटक देणारं यंत्र. पुढे वेग बदलायला मोबाइलवर फुकटचं मेट्रोनोम ॲप घ्या, पण पहिला आठवडा घड्याळच बरं, वेग वाढवायचा मोहच होत नाही.

उजव्या हाताने प्रत्येक टकला एक ठोका. स्टिकचं टोक फूटभर उंचीवर, मनगटातून खाली सोडायचं, आणि ते आपोआप त्याच उंचीवर परत आलं पाहिजे. अर्ध्यात थांबलं तर कुठेतरी बोटं आवळली गेली. दोन मिनिटं उजवा, दोन मिनिटं डावा. मग समोर आरसा ठेवा, किंवा मोबाइल टेकवून व्हिडिओ घ्या. उजव्याची उंची फूटभर आणि डाव्याची वीतभर असं जवळपास प्रत्येकाचं दिसतं. दोन्ही उंची सारख्या झाल्या की दोन्ही आवाज बऱ्यापैकी सारखे होतात, कारण ठोक्याचा आवाज मुख्यतः उंचीवर ठरतो, रागावर नाही.

हे कंटाळवाणं आहे. मी खोटं बोलणार नाही. पण आमच्या गच्चीवर शिकायला येणाऱ्या पोरांपैकी ज्यांनी हा आठवडा टाळला, त्यांना दोन महिन्यांनी मला इथेच परत आणावं लागलं.

मोजताना तोंडाने बोला. एका टकला एक ठोका असेल तर एक, दोन, तीन, चार. दोन असतील तर "एक-नि-दोन-नि". चार असतील तर "तकधिमि", तीन असतील तर "तकिट". हे बोल दक्षिणेकडच्या तालपद्धतीतले, पण जिभेवर इतके सोपे बसतात की आकडे मोजण्यापेक्षा बरे. जे तोंडाला अडतं ते हाताला अडणारच.

तीन मुळाक्षरं

पाश्चात्त्य ड्रमिंगमध्ये हातांच्या ठरावीक क्रमांना रुडिमेंट म्हणतात. अमेरिकेत 1933 मध्ये ड्रमरांच्या संघटनेने त्यातली 13 अत्यावश्यक ठरवली. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने 1984 मध्ये 40 ची यादी पक्की केली आणि तीच आज जगभर चालते. घाबरू नका, वर्षभर तीन पुरतात. उजव्या हाताला उ, डाव्याला डा म्हणू.

पहिलं, एकेरी: उ डा उ डा. दुसरं, दुहेरी: उ उ डा डा. तिसरं, पॅराडिडल: उ डा उ उ, डा उ डा डा.

एकेरी सोपं वाटतं आणि सगळ्यात उशिरा साफ होतं. डोळे मिटून ऐका. कोणता ठोका कोणत्या हाताचा हे ओळखू येत असेल तर अजून साफ नाही. पुस्तकावर ऐकून समाधान झालं की पिप्यावर जा, तिथे पुन्हा असमाधान होईल.

दुहेरीत खरी गंमत आहे, म्हणून इथे जास्त वेळ घालवा. सावकाश वाजवताना दोन्ही ठोके मनगटाने मारता येतात. वेग वाढला की ते शक्य नसतं. तेव्हा मनगट एकदाच खाली येतं आणि दुसरा ठोका ही स्टिकची उडी असते, जिला मागची बोटं हलकेच आत ओढून बळ देतात. सुरुवातीला दुसरा ठोका नेहमी पहिल्यापेक्षा बारीक येतो. यावर माझा उपाय: पॅडवर सतरंजीची एक घडी टाका. उडी कमी होते, बोटांना काम करावंच लागतं. आठवडाभर असं वाजवून घडी काढली की दुसरा ठोका आपोआप उठून येतो. वेग 60 वरून एकदम 100 वर नेऊ नका. चार-चारने वाढवा, आणि जिथे हात ताठरतो तिथून दोन पायऱ्या मागे या.

पॅराडिडल हे नाव म्हणजेच त्याचा बोल आहे: पॅ-रा-डि-डल. प्रत्येक फेरीला सुरुवातीचा हात बदलतो. पहिला ठोका फूटभर उंचीवरून, बाकीचे तीन दोन बोटांच्या उंचीवरून असे वाजवा. मोठ्या ठोक्यानंतर स्टिक वर येऊ न देता खालीच थांबवायची, आणि दुसरा हात त्याच्या शेवटच्या छोट्या ठोक्यानंतर हळूच वर उचलून ठेवायचा, म्हणजे पुढच्या मोठ्या ठोक्याला तो तयार असतो. एवढा वेळ येऊ दे, येऊ दे म्हणत होतो, आता थांबवा म्हणतोय. थांबवणंही त्याच बोटांनी, पण ठोका पडल्यानंतर, आधी नाही.

चौथा एक जाता जाता: दोन्ही स्टिक जवळजवळ एकदम, एक दोन बोटांवरून आणि एक उंचावरून. "टण" ऐवजी "ट्रण" येतो. याला फ्लॅम म्हणतात. दोन्ही नेमके एकदम पडले तर तो फ्लॅम नाही.

बादली, पिपा, ताट: पहिला ठेका

उजवीकडे ताट, समोर पिपा, पायात चप्पल. उजव्या पायाची टाच फरशीवर आपटली की बास ड्रम, सेटमधला पायाने वाजवायचा खर्जाचा ड्रम. चार मात्रा, "एक-नि-दोन-नि-तीन-नि-चार-नि".

उजवा हात ताटावर आठही जागी. तो दोन मिनिटं न अडखळता चालला की टाच एक आणि तीनवर घाला. इथे बहुतेकांचा उजवा हात टाचेसोबत जोरात पडायला लागतो. पडू देऊ नका. मग डावा हात पिप्यावर, दोन आणि चारवर. तिन्ही एकदम सुरू करायचा हट्ट करू नका. कुणी चुकला तर त्याला काढून बाकी दोघं चालू ठेवा, मग पुन्हा घ्या. जगभरच्या असंख्य गाण्यांखाली हाच ठेका असतो.

पण आपल्या कानात आधीपासून जो बसलाय तो केहरवा. भजन, कव्वाली, सिनेमाची गाणी, सगळीकडे. आठ मात्रा: धा गे न ति, न क धि न. हा बादलीवर असा बसवा. डावा हात बादलीच्या मधोमध म्हणजे डग्गा, उजवा काठावर म्हणजे तबला. "धा" आणि "धि" ला दोन्ही हात एकदम. "गे" ला एकटा डावा. "न" आणि "ति" ला एकटा उजवा. "क" ला डावी स्टिक मधोमध दाबून धरायची, उडू द्यायची नाही, म्हणजे आवाज मिटतो. म्हणजे खर्ज पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. तबलजी हे ऐकून नाक मुरडतील, आणि त्यांचं बरोबर आहे, तबल्याची बोटं वेगळी विद्या आहे. पण ठेक्याचा डौल हातात येतो.

विदर्भात वाढलेल्या माणसाला खंजिरी वेगळी सांगावी लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी याच लहानशा वाद्यावर गावोगाव भजनं नेली. आमच्या भजनी मंडळातले एक काका एका हातात खंजिरी धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी तासभर वाजवत आणि घाम येत नसे. मी लहानपणी विचारलं, हात दुखत नाही का. म्हणाले, "मी कुठं मारून राहिलो रे? तिला बोलवून राहिलो."

शेजारी, कान आणि मनगट

निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. खोलीत पिपा ठोकला तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तेव्हा पिपा आणि ताट गच्चीवर, संध्याकाळी, अर्धा तास. बाकी सगळं पॅडवर. मी सुरुवातीला हे पाळलं नाही, आणि समोरच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या: "काहून रे बाप्पा, सकाळपासून काय ठोकून राहिला?" त्या दिवशी पिप्यात जुनी चादर कोंबली, आवाज निम्म्यावर आला.

कानात कापूस घालून फारसा उपयोग होत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे घ्या, दाबून बारीक करा, आत घाला आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. सराव संपल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त झाला. दंडाखालचे स्नायू गरम होणं ठीक. मनगटात कळ किंवा बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवशी बंद.

रोज वीस मिनिटं पुरे: पाच एकेरी, आठ दुहेरी, उरलेला वेळ ठेका. रविवारी दोन तास बसून आठवडा भरून काढता येत नाही. पंधरा दिवसांतून एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं की सगळं छान वाटतं.

दोन-तीन महिन्यांनी केहरवा पक्का झाला की बिल्डिंगच्या गणपतीत बादली घेऊन आरतीला जा. ढोल-ताशा पथकात जायचं असेल तर त्यांचा सराव गणपतीच्या बराच आधी सुरू होतो, चौकशी लवकर करा. पण आरती ही खरी परीक्षा. दुसऱ्या कडव्यापासून टाळ्या पुढे पळायला लागतात, झांजवाला त्यांच्या मागे, आणि प्रसादाची वेळ जवळ आलेली असते. तुम्ही घड्याळाची टकटक मनात धरून डावा हात बादलीच्या मधोमध तसाच सोडत राहा. कधी कधी सगळे तुमच्याकडे परत येतात. नाही आले तर त्यांच्यासोबत पळा, आरती आहे ती.